फॉरमॅटला हो म्हणण्याआधी

"विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल." दुकानात हे ऐकलं की आपण मान हलवतो. संध्याकाळी संगणक घरी येतो, झटकन सुरू होतो, सगळे खूश होतात. मग रात्री कुणीतरी विचारतं, ताईच्या लग्नाचे फोटो कुठे गेले? जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत ज्यांच्या ज्यांच्या घरी पीसी किंवा लॅपटॉप आहे, त्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मान हलवण्याआधी फाइली बाहेर काढून घ्या. बाकीचं सगळं त्यानंतर.

विंडोज आणि तुमच्या फाइली एकाच डिस्कवर राहत असल्या तरी त्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज सुरू होत नसलं तरी फाइली बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. याचा सगळ्यात मोठा दाखला १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकून पडले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते सॉफ्टवेअर मोठ्या संस्था वापरतात, म्हणून घरचे पीसी वाचले. पण त्यावरचा उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचं, एक फाइल पुसायची आणि पुन्हा सुरू करायचं. एवढ्या मोठ्या गोंधळातही फॉरमॅट हा काही पहिला उपाय नव्हता. मग आपल्या घरच्या संगणकासाठी तो पहिला का असावा?

संगणक अडकला की आधी हात थांबवा आणि कान लावा. जुन्या हार्ड डिस्कमधून टक्-टक् किंवा खरखर असा आवाज येत असेल तर लगेच बंद करा, वायर काढा आणि पुन्हा चालू करून पाहू नका. आतली सुई डिस्कच्या पृष्ठभागावर घासत असू शकते आणि प्रत्येक वेळी चालू केलं की आणखी काही फाइली कायमच्या जातात. यूट्यूबवर पाहून डिस्क फ्रीजमध्ये ठेवणं, तिच्यावर टिचक्या मारणं, तपासणीची आज्ञा देऊन ती रात्रभर चालू ठेवणं, यातलं काहीही करू नका. अशी डिस्क थेट डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडेच जायला हवी.

आवाज नसेल तर घाबरण्याचं कारण कमी. पडद्यावर जे काही इंग्रजीत आलं असेल त्याचा मोबाइलवर फोटो काढा. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, डोंगल, सगळं उपसून फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवून एकदा सुरू करून पाहा. मागे विसरलेला पेन ड्राइव्हसुद्धा संगणकाला अडवून ठेवतो.

आपल्या भागात आणखी एक कारण असतं आणि ते आपण सगळे अंगावर घेतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत तर विचारायलाच नको. प्रोसेसर साधारण शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी संगणक धाडकन बंद होतो. त्याला विंडोज उडणं म्हणत नाहीत, पण दुकानात घाईत तसंच समजलं जातं. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांकडे कापसाचे तंतू आणि डाळ मिलजवळच्या घरांत बारीक पीठ कॅबिनेटच्या पंख्यात जाऊन बसतं. वायर काढून, कॅबिनेट उघडून, पंखा बोटाने धरून ब्लोअरने ती धूळ उडवा. पंखा मोकळा सोडला तर हवेने जोरात फिरून तो बिघडू शकतो. प्रोसेसरवरची पेस्ट वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यांत वाळून भुगा होते, ती मात्र जाणकाराकडून बदलून घ्या. आणि कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येणार नाही असं पाहा.

विजेचंही तेच. लाइट गेली आणि आली, पुन्हा गेली आणि आली, या झटक्यांत विंडोजच्या फाइली अर्धवट लिहिल्या जातात. वादळी पावसाआधीच्या दिवसांत लाइट गेली की प्लगच काढून ठेवा, आणि इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही काढा, कारण विजेचा लोळ त्या वाटेनेही आत येतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराची अर्थिंग तपासून घ्या. त्या झिणझिण्या आधी तुमच्या जिवाला धोका आहेत, संगणकाला नंतर.

चालू करताच बीप-बीप होतं आणि पडदा काळाच राहतो, तेव्हा बहुधा रॅम सैल झालेली असते. वायर काढा, रॅम काढा, तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरने हलके पुसा आणि टक असा आवाज येईपर्यंत परत बसवा. घड्याळ दर वेळी मागच्या कुठल्या तरी सालावर जात असेल तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला आहे. सेल संपला की बोर्डाच्या सेटिंग मूळ पदावर जातात आणि त्यामुळेही निळा पडदा येऊ शकतो. हा सेल फार स्वस्तात मिळतो.

इतकं करूनही विंडोज मध्येच पडत असेल तर त्याला त्याच्याच दुरुस्तीच्या पानावर न्यायचं. चिन्ह आलं, ठिपके फिरू लागले की पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचं. असं दोन-तीनदा केलं की निळं पान येतं. तिथे ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. स्टार्टअप रिपेअर करून पाहायला हरकत नाही. बिघाड कालच्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स. नवा प्रिंटर किंवा नवं सॉफ्टवेअर टाकल्यावर सुरू झाला असेल तर सिस्टिम रिस्टोअर. ते तुमच्या फोटोंना आणि कागदपत्रांना हात लावत नाही, फक्त मधल्या काळात टाकलेली सॉफ्टवेअर काढतं. स्टार्टअप सेटिंग्जमधून रीस्टार्ट केल्यावर ४ दाबलं की सेफ मोड उघडतो, आणि तो उघडला तर दुसरं काहीही करण्याआधी फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. त्याच पानावर रिसेट धिस पीसी असाही पर्याय दिसेल. त्याला आत्ता हात लावू नका. त्यातलं किप माय फाइल्स हे नाव दिलासा देणारं आहे, पण तुमची सॉफ्टवेअर त्यात जातात आणि त्यांच्या फोल्डरात ठेवलेला डेटाही धोक्यात येतो. रिमूव्ह एव्हरीथिंग तर नावाप्रमाणेच सगळं नेतं.

सेफ मोडही उघडला नाही तर एक युक्ती आहे, जी फार कमी लोकांना माहीत आहे. त्याच अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये कमांड प्रॉम्प्ट निवडा. काळ्या खिडकीत इंग्रजीत नोटपॅड टाइप करून एंटर दाबा. नोटपॅड उघडलं की फाइल, मग ओपन. खाली ऑल फाइल्स निवडा, म्हणजे सगळ्या ड्राइव्हमधलं सगळं दिसू लागेल. इथे सी ड्राइव्हला डी किंवा ई म्हटलेलं असू शकतं, गोंधळू नका. यूजर्स नावाच्या फोल्डरात तुमच्या नावाचं फोल्डर असेल, त्यातली डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स ही फोल्डरं राइट क्लिक करून कॉपी करा आणि पेन ड्राइव्हवर जाऊन पेस्ट करा. किती झालं ते दाखवणारी पट्टी इथे दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. चहा करून घ्या, पण बंद करू नका. आणि मोठे व्हिडिओ असतील तर पेन ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस केलेला हवा, कारण फॅट ३२ असलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही.

दुसरी वाट म्हणजे शेजाऱ्याच्या किंवा मित्राच्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू तयार करून घेणं. ते फुकट आहे. त्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला की विंडोजला न जागवता डिस्क उघडता येते. फक्त तिथे ट्राय म्हणायचं, इन्स्टॉल म्हणायचं नाही. इन्स्टॉल केलं तर ज्यासाठी हा खटाटोप, तेच पुसलं जाऊ शकतं. आणि तिसरी वाट सगळ्यात सरळ आहे: डिस्क बाहेर काढून यूएसबी केसिंगमध्ये घालायची आणि दुसऱ्या संगणकाला लावायची. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी केसिंग मिळतं. नव्या लॅपटॉपमधल्या पट्टीसारख्या एसएसडीला वेगळं केसिंग लागतं, म्हणून डिस्क सोबत दाखवूनच घ्या. डिस्क लावल्यावर ती फॉरमॅट करायला हवी असा संदेश आला तर कॅन्सल दाबा.

आता काय काय काढायचं? डेस्कटॉपवर दिसतं तेवढंच नाही. टॅलीचा डेटा बहुधा टॅलीच्या स्वतःच्या डेटा फोल्डरात किंवा यूजर्समधल्या पब्लिकमध्ये असतो. रावेर-सावद्याकडचा केळीचा व्यापारी असो की दोंडाईच्याचा मिरचीवाला, वर्षाचा हिशोब तिथे आहे. शेतकऱ्याच्या घरी फळपीक विम्याच्या पावत्या, सातबाऱ्याचे स्कॅन, मुलांचं जात वैधता प्रमाणपत्र डाउनलोड्समध्ये पडलेलं असतं. विद्यापीठात संशोधन करणाऱ्यांनी जुने फॉन्टही काढून घ्यावेत. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला प्रबंध फॉन्ट गेला की इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडतो. फाइल वाचते, मजकूर वाचत नाही. विंडोजच्या फोल्डरातलं फॉन्ट्स हे फोल्डर म्हणूनच सोबत घ्या.

आजीच्या तोंडून रेकॉर्ड केलेली अहिराणी गाणी, जात्यावरच्या ओव्या, आजोबांची जुनी पत्रं स्कॅन करून ठेवलेली, हेही त्यातच असतं. आपल्याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी शेवटचा श्वास घेतला, १९२६च्या अखेरीस. घराघरांतली जुनी दप्तरं वाळवीच्या तोंडी जाण्याआधी गोळा करण्यात त्यांनी आयुष्य घातलं, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात ती कागदपत्रं सांभाळतं. आपल्या घरातल्या दप्तराची जबाबदारी मात्र आपल्यालाच घ्यावी लागेल.

एक समज दुकानातही आणि घरातही पक्का बसलेला आहे: डी ड्राइव्हमध्ये ठेवलं की काळजी नाही. सी फॉरमॅट केलं तर डी राहतं हे खरं. पण बहुतेक घरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्क मेली की दोन्ही जातात. शिवाय नवीन विंडोज टाकताना घाईत सगळे भाग काढून टाकले, असंही होतं. एसएसडीच्या बाबतीत तर आणखी सावध राहा. जुन्या हार्ड डिस्कवर नुसतं झटपट फॉरमॅट झालं असेल तर सॉफ्टवेअरने बरंच परत मिळतं. एसएसडी मात्र पुसलेली जागा स्वतःहून आतून रिकामी करते. तिथे फॉरमॅटनंतर जवळजवळ काहीच हाती लागत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार संपवला, म्हणून आता बरेच जण विंडोज ११ टाकून घेत आहेत. त्यातल्या नव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. एरवी ते कळतही नाही. पुढे कधी मदरबोर्ड बदलला, बोर्डाची सेटिंग बदलली की ४८ आकडी किल्ली मागितली जाते, आणि ती नसेल तर वर सांगितलेल्या तिन्ही वाटा बंद. मायक्रोसॉफ्टच्या आपल्या खात्यात ती किल्ली मिळते. आज संगणक चालू असतानाच ती कागदावर उतरवा आणि घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. खातं कुणाच्या नावाने, कुठल्या ई-मेलने उघडलं तेही लिहा. पुष्कळदा ते खातं दुकानातल्या पोराने स्वतःच्या सोयीने उघडून दिलेलं असतं.

एवढं सगळं घरी जमणार नाही असं वाटलं तर दुकानात जाण्यात काहीच कमीपणा नाही. आपल्याकडे चांगले, प्रामाणिक कारागीर आहेत. पण त्यांना स्पष्ट सांगा: "भाऊ, आधी डेटा काढा. मी डोळ्यांनी पाहीन, मग विंडोज टाका." पावतीवर तसं लिहून घ्या. कुठल्या फोल्डरात काय आहे ते सांगा, त्यांना तुमच्या घरचं कसं ठाऊक असणार? डिस्क बदलून एसएसडी घातली तर जुनी डिस्क परत मागून घ्या. तिच्यावर तुमचं आधार, पॅन, घरच्या बायकांचे फोटो आहेत, ती भंगारात जाता कामा नये.

आणि ज्यांचा संगणक आज ठणठणीत आहे, त्यांनी हे वाचून झाल्यावर एक एक्सटर्नल डिस्क आणा. महिन्यातून एकदा फाइली तिच्यावर उतरवा आणि मग ती संगणकापासून काढून कपाटात ठेवा. कायम लावून ठेवलेली डिस्क विजेच्या एकाच झटक्यात संगणकासोबत जाते. जे काही अगदीच मोलाचं आहे, त्याची एक प्रत पुण्या-मुंबईच्या मुलाकडे किंवा गूगल ड्राइव्हवर असू द्या. तिथे १५ जीबीपर्यंत पैसे लागत नाहीत, आणि प्रमाणपत्रं, पावत्या, प्रबंध यांना तेवढी जागा पुरून उरते.

टक्-टक् करणारी डिस्क पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडे पाठवायची वेळ आलीच, तर आधी नुसत्या तपासणीचे किती आणि काहीच मिळालं नाही तर किती, हे लेखी विचारा. पूर्ण पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी मागा आणि तुमच्या कामाच्या चार-पाच फाइली प्रत्यक्ष उघडून दाखवायला सांगा. नावं दिसतात पण फाइल उघडत नाही, असं पुष्कळदा होतं.