सेमाडोहचा मोह आणि पर्यटनाची घाई

मोहाच्या दारूला प्रतिष्ठा मिळवून द्यावी, असे आता उघडपणे बोलले जाऊ लागले आहे. मध्य प्रदेशाने 2021 मध्ये मोहाची दारू ‘हेरिटेज’ म्हणून विकायचे जाहीर केले आणि पुढे अलीराजपूर व दिंडोरी या जिल्ह्यांत आदिवासी बचत गटांच्या हातून ती तयार होऊ लागली. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, 2016 मध्ये तिथल्या सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. डिसेंबर 2024 मध्ये जपानची साके तयार करण्याची परंपरागत विद्या युनेस्कोच्या यादीत गेली. एवढे सगळे घडल्यावर अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटाचे नाव निघणे ओघानेच आले. परतवाडा-धारणी रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी वसलेले सेमाडोह त्यासाठी सोयीचे दिसते. वनविभागाचे पर्यटन संकुल तिथे आहे, सफारीच्या गाड्या तिथून सुटतात, आजूबाजूला कोरकू आदिवासींची गावे आहेत. पाहुण्याने सकाळी जंगल पाहावे, संध्याकाळी कोरकू घरी मोहाची चव घ्यावी, सोबत कुटकीचा भात आणि नदीचे मासे असावेत, अशी कल्पना कागदावर फार सुरेख वाटते.

ही कल्पना मुळात वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. पण आजच्या स्थितीत ती राबवली, तर कोरकूंच्या हाती मजुरी आणि व्यसन राहील आणि मोह दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जाईल. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. ज्या जपानचा दाखला दिला जातो, तिथलीच हकीकत नीट पाहिली तर हे लक्षात येते.

जपानमध्ये प्रवासी साकेच्या कारखान्यात जातो तेव्हा त्याला तांदूळ किती घासला, पाणी कुठल्या झऱ्याचे, बुरशी कशी लावली, हे सांगितले जाते. कोबेजवळच्या नाडा भागाचे पाणी जड, हिरोशिमाचे हलके, म्हणून दोन्हीकडची साके वेगळी. हिरोशिमात ती कालवांसोबत देतात, कोचीत कात्सुओ माशासोबत. जेवण आणि पेय एकाच मातीतले असावे, हा त्यामागचा विचार आहे आणि तो खरा आहे. पण या सगळ्याच्या खाली एक पक्का पाया आहे. कारखान्याकडे परवाना असतो. तो बहुधा एका घराण्याचा असतो, काही घराणी कित्येक शतके तोच धंदा करत आली आहेत. साके करणाऱ्या मुख्य कारागिराला ‘तोजी’ म्हणतात. हे तोजी मूळचे शेतकरी. नोतो, नांबू, तांबा अशा भागांतले लोक शेतीचा हंगाम संपला की हिवाळ्यात दूरच्या कारखान्यांत कामाला जात. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मजुराचे कौशल्य तिथे हुद्दा झाले, त्याच्या गावाचे नाव त्या कलेला लागले.

मेळघाटातला कोरकूही दिवाळीनंतर काम शोधत बाहेर पडतो आणि होळीला घरी येतो. त्याच्या घरच्या कौशल्याचे नाव मात्र फक्त पोलिसांच्या पंचनाम्यात लिहिले जाते.

जपानची दुसरी हकीकत आपल्याला अधिक जवळची आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. तिथला शेतकरी घरी ‘दोबुरोकु’ नावाची गाळ न काढलेली, दुधाळ साके करत असे. 1899 मध्ये सरकारने घरगुती मद्यनिर्मिती पूर्ण बंद केली. मद्यावरचा कर हे तेव्हा सरकारी तिजोरीचे फार मोठे उत्पन्न होते, ते बुडू नये म्हणून. बंदीने दोबुरोकु संपली नाही, ती चोरून होत राहिली. बंदीला आव्हान देणारा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1989 मध्ये न्यायालयाने बंदी कायम ठेवली. तिढा सुटायला सुरुवात झाली ती 2003 मध्ये. विशेष क्षेत्रे ठरवून तिथल्या शेतकऱ्याला परवानगी मिळाली, पण अटी स्पष्ट होत्या. त्याने स्वतः पिकवलेला तांदूळ वापरावा, त्याचे स्वतःचे निवासघर किंवा खानावळ असावी. परवान्यासाठी वर्षाकाठी ठरावीक मोठे उत्पादन हवे, ही मोठ्या कारखान्यांना सोयीची अट त्याच्यापुरती काढून टाकली. इवाते प्रांतातले तोनो हे अशा पहिल्या ठिकाणांपैकी एक. म्हणजे आधी शेतकऱ्याच्या घराला हक्क मिळाला, मग पाहुणा आला. आपल्याकडे हा क्रम उलटा होण्याची लक्षणे आहेत.

सेमाडोहच्या आसपास मार्च-एप्रिलमध्ये मोह कसा वेचतात ते पाहिले की यातला फरक कळतो. फुले रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. उजाडायच्या आत बाया आणि मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. उशीर झाला तर गुरे, हरणे खाऊन जातात, आणि अस्वलालाही मोह तितकाच प्रिय, म्हणून जिवाची भीती असते. फूल पिवळट, मांसल, बोटाला चिकटणारे. कंबर वाकवून एकेक उचलायचे, घरी आणून अंगणात पसरायचे, चार-पाच दिवसांत ते आक्रसून तपकिरी होते. त्यातले काही भाजून खातात, काही पिठात मिसळतात, काही देवासाठी आणि लग्नाकार्यासाठी राखतात. पुढे टोळंबी, म्हणजे मोहाचे फळ, पिकली की तिचे तेल काढतात. उरलेली फुले आठवडी बाजारात व्यापाऱ्याला जातात. व्यापारी हंगामात स्वस्त घेतो आणि पावसाळ्यात महाग विकतो. हातात पैसा नसतो तेव्हा ज्या बाईने फूल विकले तीच ते पुन्हा विकत आणते, असेही होते.

दारू हा या झाडाचा एक उपयोग आहे, सगळा मोह त्यासाठी नसतो. वाळलेली फुले पाण्यात भिजत घालतात, काही दिवसांत सडवा तयार होतो, मग तो मडक्यात तापवून वाफ थंड करून धार धरतात. ती साकेसारखी नुसती आंबवलेली नाही, ऊर्ध्वपातित आहे, म्हणून बरीच कडक. जन्म, लग्न, मरण, कोरकूंच्या मुठवादेवाची पूजा, सगळीकडे तिची धार लागते. या पिण्याला वेळ आहे, जागा आहे आणि सोबत सगळे गाव आहे. पाहुण्यासाठी रोज गाळायची म्हटले की ही तिन्ही बंधने सुटतात.

रोजची मागणी आली की मोह पुरत नाही, कारण तो वर्षातून एकदाच गळतो. मग सडव्यात काळा गूळ पडतो, लवकर आंबावे म्हणून नवसागर पडतो. हातभट्टीवरच्या कारवाईच्या बातम्या वाचणाऱ्याला हे दोन्ही शब्द पाठ असतील. त्याच्याही पुढे गेले की मिथेनॉल येते. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, ती सगळी गरीब वस्तीतली होती. चवीच्या शोधात आलेल्या पाहुण्यासाठी उघडलेली वाट दोन-तीन वर्षांत कुठल्या मालापाशी पोहोचते, याचा हिशेब पर्यटनाच्या आराखड्यात कुणी मांडत नाही.

झाडाचेही तेच आहे. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. त्या आगीत मोहाची कोवळी रोपे जळतात, कधी आग जंगलात शिरते. नव्या रोपाला फुलायला दहा-पंधरा वर्षे लागतात. आज ज्या झाडांवर आपण भरवसा ठेवतो ती बहुतेक जुनी आहेत. शिवाय मेळघाट 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. गाभा क्षेत्रातली अनेक गावे उठली. 2001 नंतर कोहा, कुंड, बोरी आणि पुढे आणखी गावे अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्याकडे पुनर्वसित झाली. त्यांची मोहाची झाडे मागे जंगलातच राहिली. ज्यांना वाघासाठी आपली झाडे सोडावी लागली, त्यांनी त्याच जंगलात पाहुण्याला मोहाचा पेला मिळतो असे ऐकले तर त्यांना काय वाटेल, याचा विचार सरकारने करायला हवा.

आता कायद्याकडे येऊ. सगळी गुंतागुंत तिथेच आहे. फुलावर नियंत्रण ठेवणे हे आपल्याकडे नवे नाही. ब्रिटिशांनी 1892 मध्ये ठाणे-कुलाबा भागासाठी खास मोहफुलांचा कायदा केला होता, आणि त्यामागेही अबकारीचे उत्पन्न हेच कारण होते. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये मोहफुले गोळा करणे, साठवणे, वाहून नेणे यांवरचे निर्बंध उठवले. हा निर्णय चांगलाच होता, आदिवासींच्या पोत्यांवर दंडुका पडणे त्यामुळे कमी व्हावे. पण फूल मोकळे झाले तरी दारू मोकळी झाली नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली घरी गाळणे आजही गुन्हा आहे. फूल आदिवासींचे, परवाना भांडवलवाल्याचे, अशी विभागणी यातून आपोआप होते. परवाना, बाटलीभरणी, प्रयोगशाळा, लेबल, उत्पादन शुल्क हे सगळे ज्याला परवडते तो मोहाचा मालक होईल. सेमाडोहची बाई त्याला फुले विकेल, किंवा पाहुण्यासमोर लुगडे नेसून मडके तापवून दाखवेल. फेणीच्या मानांकनाने नाव राखले, पण रानात भट्टी लावणाऱ्या लहान माणसाचे पोट त्याने आपोआप भरले असे म्हणता येत नाही. मध्य प्रदेशाने निदान बचत गटांना उत्पादक केले, एवढे तरी मान्य करावे लागेल.

आणि तरीही हा प्रश्न केवळ मालकीचा नाही. 1993 मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी देशभर गेली. तेव्हापासून कुपोषणाचे अहवाल, समित्या, न्यायालयातल्या याचिका चालूच आहेत. घरातला पैसा दारूत गेला की पहिला घास बाईच्या आणि लेकराच्या ताटातून कमी होतो. गडचिरोलीच्या बायांनी लढून 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आणली, ती याच अनुभवातून. चंद्रपूरची 2015 ची बंदी 2021 मध्ये उठली. बंदीने दारू संपते की नाही, यावर वाद घालता येईल. पण आदिवासी बायांनी दारूविरुद्ध इतका काळ लढा दिला असताना, त्याच समाजाची ओळख म्हणून दारूचा पेला पुढे करणे हा त्यांच्या लढ्याचा अपमान आहे. मोहाचा अभिमान आणि मोहाचे दुःख एकाच घरात राहतात. पर्यटन पत्रकात फक्त पहिले छापले जाईल.

मार्ग आहे, आणि तो कायद्यातच लिहिलेला आहे. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. 1996 च्या पेसा कायद्याने अशा भागांतल्या ग्रामसभांना आणि पंचायतींना मादक पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर नियंत्रण ठेवण्याचा, बंदी घालण्याचाही अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी देण्याची तरतूद केली. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांची वाट उघडली. याच अमरावती जिल्ह्यात पायविहीर या गावाने सामूहिक वनहक्कावर उजाड टेकडी हिरवी केली, आपली सीताफळे ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मुंबईपर्यंत विकली आणि 2014 मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. तिथे गावाने ठरवले, गावाने राखले, गावाने विकले. नाव गावाचे आणि पैसाही गावाचा. मोहाचे काही करायचेच असेल तर तो क्रम पाळावा लागेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. चव दाखवण्याच्या कार्यक्रमाआधी सामूहिक वनहक्काचे दावे निकाली काढा. गावाने स्वतःच्या झाडांची मोजणी करावी, पाला न जाळता वेचण्याची आणि रोपे राखण्याची व्यवस्था बसवावी. मोहाचे लाडू, मनुका, तेल, सुकी फुले यांचे केंद्र आधी उभे राहू द्या. पाहुण्याला मोह चाखायचा असेल तर तो पोळीत, लाडवात, भाजलेल्या फुलांतही चाखता येतो, आणि तो पदार्थ करणाऱ्या बाईला पोलीस धरत नाहीत. दारूचा प्रश्न त्यानंतर ग्रामसभेत यावा. त्या सभेत बायांची वेगळी बैठक व्हावी आणि तिचा नकार अंतिम मानला जावा. होकार आला तर परवाना त्या गावाच्या नावावरच असावा, घाऊक उत्पादनाची अट नसावी, तपासणी सरकारच्या खर्चाने व्हावी. तोनोच्या शेतकऱ्याला स्वतःचा परवाना आणि उत्पादनाच्या अटीतून सूट मिळाली, सेमाडोहच्या कोरकूला का मिळू नये, याचे उत्तर राज्य उत्पादन शुल्क विभागाने आणि वनविभागाने द्यावे.

मेळघाटात जाणाऱ्या वाचकालाही एक विनंती. सफारी संपल्यावर गाडीच्या ड्रायव्हरला हळूच ‘मोहाची मिळेल का’ असे विचारू नका. ती बाटली ज्या घरातून येते त्या घरावर गुन्हा नोंदतो, तुमच्यावर नाही. आठवडी बाजार लागला असेल तर सुकी फुले विकायला बसलेल्या बाईकडून किलोभर फुले घ्या, ती सांगेल तो भाव द्या, घासाघीस करू नका. आणि कुठल्या सहल कंपनीच्या पत्रकात कोरकू घरात मोहाच्या चवीचा कार्यक्रम दिसला, तर पैसे भरण्याआधी एकच गोष्ट विचारा: कोणत्या ग्रामसभेने, कोणत्या ठरावाने याला परवानगी दिली? ठराव दाखवता आला नाही, तर तिथे जाऊ नका.