अंगण आणि फरशी

वैशाख सरून ज्येष्ठाची चाहूल लागते, सूर्य रोहिणीत शिरतो आणि आमच्या तारनाक्याच्या गल्ल्या सकाळी अकरापासूनच निर्मनुष्य होतात. 'रोहिणी कार्तेत दगडी उखळेसुद्धा तडकतात' अशी तेलुगूत म्हण आहे. २ जून १९६६ रोजी या शहराचा पारा ४५.५ अंशांवर गेला होता, तेव्हा म्हणीतली अतिशयोक्ती फार मोठी नाही. अशा दिवसांत शाळेला सुट्टी असते आणि व्हरांड्यात बसून अंगणाकडे पाहण्याखेरीज आम्हांला दुसरा उद्योग उरत नाही. यंदा मात्र हे अंगण राहते की जाते, असा प्रश्न घरात उभा राहिला होता.

अंगण ते केवढे! एक कडुनिंब, एक सीताफळ, दोन मोगरे, कढीपत्त्याचे झाड, तुळस आणि फाटकाच्या खांबावर चढलेली मधुमालती. चिरंजीवांनी गाडी घेतली, ती गल्लीत उभी राहू लागली आणि दोन महिन्यांत तिच्या अंगावर दोन ओरखडे उमटले. पुढच्या अंगणात तांडूरची फरशी घालावी, मधुमालती काढून फाटक रुंद करावे, असे त्यांनी सुचविले. त्यात गैर काही नव्हते. पानगळीचा केर रोज काढून सौभाग्यवतींची कंबर धरते, हाही एक मुद्दा होता. आम्ही होकार दिला. मेस्त्री येऊन माप घेऊन गेला.

एप्रिलअखेरीस काम सुरू व्हावयाचे, त्याच्या आदल्या दिवशी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, जरा इकडे या, पण हळू." मधुमालतीच्या जाळीत लालबुड्या बुलबुलाचे वाटीएवढे घरटे होते आणि त्यात तांबूस ठिपक्यांची तीन अंडी. चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. पण मेस्त्रीला "महिन्याने या" असा निरोप त्यांनीच दिला.

तो महिना आम्ही अंगण पाहण्यात घालविला. इतकी वर्षे त्यात वावरलो, पण पाहिले ते प्रथमच. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकीत ते अंगातली उष्णता बाहेर टाकतात आणि त्यासाठी त्यांना पाणी लागते. कडुनिंबाखाली ठेवलेल्या मातीच्या परळावर म्हणून सकाळपासून रांग असे: साळुंक्या, बुलबुल, खारी, कधी दयाळाची जोडी. दूर कोठे तरी तांबट आपली टुकटुक चालू ठेवी. परळातून सांडलेल्या पाण्याने जो वीतभर चिखल होई, त्यावर कुंभारमाशी उतरे आणि मातीची गोळी घेऊन भिंतीकडे जाई. गळा लाल करून माना हलविणारा सरडा कुंपणावर असे. पाऊस पडला की त्याची मादी मऊ माती उकरून तीत अंडी घालते. सीताफळाला हिरवट फुले आली होती. एकाच फुलात स्त्रीकेसर आधी पक्व होतो, पराग मागाहून सुटतो; म्हणून फळ धरण्यासाठी एका फुलाचा पराग दुसऱ्याकडे नेणारे बारीक भुंगेरे लागतात.

यांपैकी जवळजवळ प्रत्येकाचे काही ना काही काम मातीशी होते. आणि मग ध्यानात आले की आमचेही आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ मराठवाड्यात. तेथे काळी माती आणि खाली बेसॉल्टचा खडक. येथे तांबडी माती आणि खाली सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइट. या अखंड पाषाणात पाणी राहत नाही. ते राहते वरच्या कुजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत. तेथे पोचण्यासाठी त्याला उघडी जमीन हवी. आमची बोअर गेली तीन वर्षे मे महिन्यात आटते, टँकर येतो, आणि आम्ही पावसाला दोष देतो. शेजारची अंगणे एकेक करून फरशीखाली गेली, याचा हिशेब कोणी मांडला नव्हता. शहराला पाणी तरी कोठून येते? २०१५ पासून येल्लमपल्लीची गोदावरी दीडशे किलोमीटरांहून अधिक वाट नळातून चालून येते. आमच्या आजोळी जिला गंगा म्हणत, ती नांदेडवरून वाहत आलेली नदी येथे आणावी आणि दारी पडलेला पाऊस मात्र फरशीवरून गटारात सोडावा, हे काही शहाणपण नव्हे.

आम्ही गणित मांडले. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर सुमारे नऊशे लिटर पाणी होते. साडेपाच सेंटिमीटरांत पाच हजार लिटरांचा एक टँकर! कागद चिरंजीवांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला व म्हणाले, "बाबा, मग गाडी कोठे ठेवू?" प्रश्न रास्त होता. गणिताने त्याचे उत्तर दिले नाही.

दरम्यान तिन्ही अंडी फुटली. एके सकाळी भारद्वाज आला. त्याचे दर्शन आपण शुभ मानतो. त्याने एक पिल्लू उचलले. सौभाग्यवती दिवसभर काही बोलल्या नाहीत. उरलेली दोन पिल्ले आठवड्याने उडाली. अंगण म्हणजे काही आश्रम नव्हे, हेही त्या महिन्यात कळले.

तारनाका या नावाची एक व्युत्पत्ती सांगतात: येथे पूर्वी मोठी बाग होती, तिला तारेचे कुंपण होते आणि कडेला चौकी; म्हणून तार-नाका. बाग गेली, तार गेली, नाव उरले. आमच्या अंगणाचे नावही उरू नये, अशी वेळ आली होती.

शेवटी तोड निघाली, तीही चिरंजीवांच्या डोक्यातून. संपूर्ण फरशी नको. चाकांपुरत्या दोन पट्ट्या घालावयाच्या, मधली माती मोकळी. फाटक दुसऱ्या बाजूने रुंद करावयाचे. गच्चीचे पाणी दगडगोट्यांनी भरलेल्या शोषखड्ड्यात सोडावयाचे. मोगऱ्याचे एक झाड मात्र वाटेत येत होते, ते गेले. सौभाग्यवतींनी त्याच्या फांद्या कुंडीत लावल्या आहेत. जगतील की नाही, सांगता येत नाही.

मेस्त्री काम आटोपून गेला. मृग लागावयाला पाच दिवस आहेत. खड्डा कोरडा आहे आणि आम्ही रोज सकाळी त्यात डोकावून पाहतो. वाचकहो, आपल्या दारी वीतभर माती उघडी असेल, तर यंदाच्या पावसाआधी तिच्याकडे एकदा पाहा, एवढीच विनंती.