डुकराचा खिमा आणि आपल्यातली उतरंड

अंधेरी कोर्टाचे काम आटोपून मेट्रोने घाटकोपरला घरी पोहोचेपर्यंत आठ वाजतात. पत्नी शिक्षिका, तिच्यापुढे पेपरांचा गठ्ठा. तेव्हा आठवड्यातून दोन-तीन वेळा स्वयंपाक माझ्याकडे असतो आणि तो अर्ध्या-पाऊण तासात, एकाच भांड्यात उरकेल असा मी शोधून ठेवला आहे.

परवा मरोळला उतरून डुकराच्या मटणाचा अर्धा किलो खिमा घेतला. पातेल्यात दोन कांदे, लसूण, मिरची परतली. त्यात खिमा टाकून पाणी आटेपर्यंत परतला, मग टोमॅटो आणि दोन चमचे बाटली मसाला. हा मसाला मरोळ गावठाणातल्या ईस्ट इंडियन मित्राच्या आईने दिलेला. त्यातच पाव किलो मॅकरोनी, ती बुडेल एवढे गरम पाणी, मीठ, आणि झाकण. दहा-बारा मिनिटांत तयार. पाणी ओतून द्यायचे नाही. मॅकरोनीतले पीठ उतरून रस्सा दाट होतो. डुकराचे मांस मात्र कच्चे राहता कामा नये, पट्टकृमीचा धोका असतो. गुलाबी रंग पुरता गेल्याशिवाय मॅकरोनी टाकू नये.

त्या रात्री वाचनालयाच्या कामासाठी आमचे एक जुने कार्यकर्ते आले होते. आग्रहाने जेवायला बसवले. दोन घास आवडीने खाल्ले आणि विचारले, "मटण कसलं?" मी सांगितले. त्यांनी ताट हळूच पुढे सरकवले. "वकीलसाहेब, आपण डुक्कर कधीपासून खायला लागलो? ते त्यांचं असतं."

त्यांचं म्हणजे कोणाचं, हे मी विचारले नाही. मला माहीत होते. माझ्या लहानपणी गावी आमच्या घरातही हेच बोलले जाई. आजी सांगायची, आपण मोठ्याचं खाऊ, पण डुक्कर नाही. ते कैकाड्यांचं, वडारांचं. सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान असे, नेमका तसाच अभिमान पाटलाच्या घरात आमच्याविषयी बोलताना असे. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. प्रत्येकाला खाली बघायला कोणीतरी हवे.

महाडच्या मार्च १९२७ च्या परिषदेचा दाखला मला लगेच दिला जाईल. बाबासाहेबांनी तेव्हा मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. ती गावकीच्या गुलामीशी बांधलेली लाचारी होती, म्हणून सोडायची होती. शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडण्याचा परवाना त्यातून कोणी काढला? उलट १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले, की गोमांस खाण्यावरूनच माणसांवर अस्पृश्यतेचा शिक्का कसा मारला गेला. ज्यांच्या पाठीवर तो शिक्का बसला, त्यांनीच दुसऱ्यासाठी तो तापवावा?

बौद्धाने डुक्कर खावे काय, असेही विचारले जाते. चुंद या कारागिराने तथागतांना शेवटचे भोजन दिले, त्यातील 'सूकरमद्दव' म्हणजे डुकराचे मांस की अळंबी, यावर टीकाकारांत एकमत नाही. पण तथागतांनी आनंदाला काय बजावले ते स्पष्ट आहे : चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्याच्या मनात खंत राहू नये. ज्याला मांस खायचे नाही त्याने जरूर खाऊ नये. माझी तक्रार न खाण्याबद्दल नाही, 'त्यांचं' या शब्दाबद्दल आहे.

मुलुंडला किंवा घाटकोपरला भाड्याने घर बघताना दलाल आधी विचारतो, नॉनव्हेज खाता का? तो आडून जात विचारतो, हे आपण लगेच ओळखतो. २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत भोजनगृहातली काही टेबले शाकाहाऱ्यांसाठी राखली गेली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला १० हजार रुपये दंड झाला, तेव्हा आपण संतापलो. ते योग्यच होते. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने गोवंश हत्याबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेले गोमांस जवळ बाळगण्याला गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. घरात काय खावे हा नागरिकाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, हे त्यामागचे सूत्र. कलम २१ चा तो आधार मी स्वतः अनेक सभांतून समजावून सांगितला आहे. मग तोच आधार वडाराच्या चुलीला लागू नाही काय?

आणि डुक्कर या उपनगरांना परके तरी कुठे आहे? गावठाणांतले ईस्ट इंडियन मराठी बोलत सोरपोतेल रांधतात. बोरिवलीत एके काळी सरकारचाच बेकन कारखाना होता.

आमचे कार्यकर्ते त्या रात्री भात-आमटी खाऊन गेले. माणूस सच्चा आहे; वस्तीत कोणाच्या घरी अडचण असली की सर्वांत आधी तोच पोहोचतो. पुढच्या रविवारची बैठक माझ्याकडेच आहे. त्यांच्यासाठी अंड्याची भुर्जी वेगळी करणार आहे. पातेले तेच असेल आणि पंगत एकच. वडार वस्तीतल्या दोन तरुणांनाही बोलावले आहे, आणि हे मी त्यांना फोनवर आधीच सांगून ठेवले आहे. "बघतो," म्हणाले.