तान्हें मूल, भाड्याची मोटार आणि विमान

माहेरीं बाळंत झालेल्या लेकीची तान्ह्या मुलासह पाठवणी करणें हा आपल्याकडील मोठ्या कुटुंबांत एक सोहळाच असतो. पूर्वीं ही पाठवणी नाशकाहून फार तर संगमनेरास, पुण्यास किंवा मुंबईस होई. आतां ती बंगळूरला, हैदराबादला आणि थेट समुद्रापलीकडेही होऊं लागली आहे. बाळ मान धरूं लागतें न लागतें तोंच तिकिटें निघतात, डिंकाचे लाडू डब्यांत भरले जातात, दुपटीं धुऊन घडी होतात. आणि घरांतील वडील माणसांची सारी काळजी विमानाभोंवतीं फिरूं लागते. एवढेंसें पोर, आभाळांत कसें नेणार? २०२५ च्या जून महिन्यांत अहमदाबादेस विमान कोसळून आंतील २४२ पैकीं २४१ माणसें गेलीं, तेव्हांपासून तर विमानाचें नांव निघतांच देवघराकडे पाहून हात जोडणारी आजी घरोघर दिसते.

ही भीति स्वाभाविक आहे, तिला हंसण्याचें कारण नाहीं. परंतु ती चुकीच्या जागीं बसली आहे, हें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. दिवसाची सरासरी काढली तर ती ४६० च्या वर जाते; म्हणजे अहमदाबादेस जितकीं माणसें विमानांत गेलीं, त्यांच्या जवळजवळ दुप्पट माणसें रस्त्यांवर दर दिवशीं जातात, आणि त्यांचें वृत्त तिसऱ्या पानावर चार ओळींत संपतें. नाशकाहून मुंबईच्या विमानतळापर्यंत जी चार तासांची मोटार आपण ठरवितों, तीच त्या सबंध प्रवासांतील धोक्याची जागा होय. ओझरच्या विमानतळास जाणारा वीसएक किलोमीटरांचा मुंबई-आग्रा रस्ताही त्यांतून सुटत नाहीं. उलट "जवळच तर जायचें आहे" असें म्हणून तेथें अधिकच हयगय होते.

आतां मुख्य मुद्दा मांडीचा. मूल आजीच्या मांडीवर असलें म्हणजे त्याला कशाचेंही भय नाहीं, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. घरांत, ओसरीवर, झोपाळ्यावर ती अगदीं खरी आहे. धांवत्या मोटारींत मात्र ती खरी राहत नाहीं, आणि यांत आजीच्या मायेचा कांहीं दोष नाहीं. हा केवळ वजनाचा हिशेब आहे. ताशीं ५० किलोमीटर वेगानें चाललेली मोटार कशावर तरी आदळून एका सेकंदाच्या दहाव्या भागांत थांबली, तर आंतील प्रत्येक माणसास व वस्तूस तिच्या वजनाच्या सुमारें चौदापट जोर बसतो. सात किलोचें बाळ त्या क्षणीं शंभर किलोच्या घरांत जातें. जुन्या मापानें अडीच मणांहून अधिक. अडीच मणांचें पोतें हातांतून निसटत असतां तें धरून ठेवील असा पैलवानही आमच्या पाहण्यांत नाहीं, मग आजीची वा आईची काय कथा! हाच हिशेब दुसऱ्या रीतीनें मांडतां येतो. ५० च्या वेगानें आदळणें म्हणजे सुमारें १० मीटर उंचीवरून, तिमजली घराच्या गच्चीवरून, खालीं पडणें. ८० च्या वेगानें आदळणें म्हणजे २५ मीटरांवरून. वेग दुप्पट झाला कीं उंची चौपट होते. गच्चीच्या कठड्याशीं मूल घेऊन उभी राहणाऱ्या सुनेस ओरडून मागें बोलावणारीं वडील माणसें, तेंच मूल मांडीवर घेऊन ८० च्या वेगानें निश्चिंतपणें कसारा गांठतात.

कित्येक घरांत मोटारीचा पट्टा आपल्या व मुलाच्या अशा दोघांच्याही भोंवतीं घेण्याची युक्ति केली जाते. ही युक्ति मुळींच करूं नये. धक्का बसतांच मोठ्या माणसाचें सर्व वजन मागून मुलावर येतें आणि पुढून पट्टा त्याच्या पोटांत रुततो. छातीशीं मूल बांधण्याच्या ज्या कापडी पिशव्या आतां मिळतात, त्या बाजारांत फिरावयास उत्तम. मोटारींत त्यांचा उपयोग मांडीइतकाच.

मागच्या आसनावर पट्टा कशाला, असें विचारणारे गृहस्थ अजून पुष्कळ आहेत. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. मोटार उंची होती, आंत संरक्षणाचीं सर्व साधनें होतीं. पुढें बसलेलीं दोघें जबर जखमी झालीं, पण वांचलीं. मागें पट्टा न लावतां बसलेले दोघे जागींच गेले. त्याच वर्षीं पट्टा न लावल्यामुळें देशांत मेलेल्यांची सरकारी संख्या १६,७१५ आहे, आणि त्यांतील जवळजवळ निम्मे चालक नसून नुसते प्रवासी होते.

मग मुलास ठेवावें कसें? त्याकरितां स्वतंत्र आसन मिळतें. दुकानांत त्यास 'कार सीट' म्हणतात. तें मोटारीच्या मागच्या बाकावर पट्ट्यानें घट्ट बांधावयाचें, आणि तान्ह्या मुलाचें तोंड मोटारीच्या पाठीमागच्या कांचेकडे ठेवावयाचें. अशा उलट्या बसण्याचें आपल्या माणसांस मोठें नवल वाटतें. परंतु तान्ह्याचें डोकें त्याच्या लांबीच्या चवथ्या हिश्शाएवढें असतें आणि मान त्या मानानें कोवळी. मूल पुढें तोंड करून बसलें असतां धक्क्यासरशी डोकें पुढें झेपावतें व सारा ताण मानेवर येतो. मागें तोंड असलें तर तोच धक्का पाठ, मान व डोकें यांवर सारखा वांटला जाऊन आसनांत जिरतो. स्वीडनमधील प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना अमेरिकेच्या जेमिनी अंतराळयानांतील प्रवाशांच्या आसनांवरून सुचली, आणि १९६४ सालीं व्होल्वो कंपनीनें तसल्या आसनाचा पहिला नमुना पारखून पाहिला. निदान सव्वा वर्षाचें होईतों, आणि आसनांत मावत असेल तर त्याही पुढें, मूल असेंच बसवावें. तें आसन चालकाशेजारीं मात्र कधींही ठेवूं नये. तेथील एअरबॅग फुगली म्हणजे ती नेमकी मुलाच्या डोक्यामागें आदळते.

येथें आपल्याकडील एक खास अडचण सांगितली पाहिजे. आपण मूल दुपट्यांत घट्ट गुंडाळून नेतों. गुंडाळलेल्या मुलास पट्टे लावतांच येत नाहींत, कारण एक पट्टा दोन पायांमधून यावयाचा असतो. आणि दुलईवरून पट्टे आवळले तर धक्का बसतांच दुलई दबून पट्टे सैल पडतात. म्हणून अंगांत अंगडें, पायांत विजार, डोक्यास टोपडें, इतकेंच घालून प्रथम पट्टे लावावे, खांद्याशीं एका बोटापुरतीच फट राहील इतके आवळावे, आणि मग वरून दुपटें पांघरावें. वैशाखांत उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींतील पट्ट्याची कडी तापून चटका देते, ती आधीं हातानें पाहावी.

कायद्याचें म्हणाल तर २०१९ च्या सुधारणेनें मोटार वाहन कायद्यांत १९४-ब हें कलम आलें असून, चवदा वर्षांखालील मूल पट्ट्यानें किंवा बालकांच्या आसनानें सुरक्षित न करतां मोटार चालविणाऱ्यास १,००० रुपये दंड सांगितला आहे. हा दंड कोणास झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. पण मुलाच्या जिवाची काळजी पोलिसांच्या भरंवशावर कोणी सोडीत नाहीं, तेव्हां तो मुद्दा राहूं द्या. खर्चाचें म्हणाल तर बारशास चांदीच्या वाट्या, वाळे आणि चमचे इतके जमतात कीं कपाटांत जागा उरत नाहीं. मामा, आत्या व काका यांनीं मिळून त्याऐवजीं हें एक आसन दिलें, तर बाळाच्या आईस त्याचा खरा उपयोग होईल.

आतां भाड्याच्या मोटारीविषयीं. आसन आपल्याबरोबर आहे, मोटार दारांत आली, आणि मागच्या बाकावर पट्टाच सांपडत नाहीं, असें नेहमीं घडतें. पट्टा असतो, पण गादीच्या नव्या खोळीखालीं त्याची कुलुपें दडपलेलीं असतात. म्हणून मोटार ठरवितांनाच मालकास बजावावें कीं मागचे पट्टे बाहेर काढून, चालू असल्याची खात्री करून मगच मोटार पाठवावी. आणि निघण्याच्या वेळेआधीं अर्धा तास ती दारांत असावी. मुहूर्ताच्या गडबडींत, पायां पडणें चालू असतां, आसन नीट बांधलें जात नाहीं. घरांतील एका कर्त्या माणसानें तें आदल्या दिवशीं दुसऱ्या मोटारींत बांधून पाहिलेलें असावें.

त्याहून मोठा प्रश्न झोंपेचा. परदेशचीं पुष्कळ विमानें मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणून आपण रात्रीं आठ-नऊला नाशिक सोडतों. चालक बिचारा सकाळपासून त्र्यंबक-शिर्डीच्या फेऱ्या करून आलेला असतो. त्याचे डोळे मिटूं लागले तर मागचीं सहा माणसें अगोदरच झोंपलेलीं! ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा खुला झाला. घाटाचा त्रास त्यानें वांचला हें खरें, पण सरळ रस्ता डोळे लवकर मिटवितो. आमचें मत असें कीं तान्हें मूल असतां दिवसाउजेडीं निघावें, मुंबईस नातलगांकडे जेवून विश्रांति घ्यावी आणि रात्रीं विमानतळ गांठावा. शक्य असेल तर नाशिकरोडहून सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनें दादरपर्यंत जावें, म्हणजे मोटारीचा प्रवास सहार विमानतळापुरताच उरतो.

वाटेंत मूल रडणारच. तें रडूं लागलें कीं दहा जणांचे दहा सल्ले सुरू होतात, आणि शेवटीं "घे ग त्याला मांडीवर, कशाला छळतेस?" असें कोणीतरी वडील माणूस म्हणतें. सुनेस त्यापुढें बोलवत नाहीं. येथें सासऱ्यांनीं किंवा सासूबाईंनीं आपलें वजन योग्य बाजूस टाकलें पाहिजे: चालकास मोटार रस्त्याच्या कडेस नव्हे, तर एखाद्या उपहारगृहाच्या आवारांत उभी करावयास सांगावी, मुलास काढून पाजावें, ढेकर काढावा आणि पुन्हां आसनांत बांधूनच निघावें. मूल रडत नसलें तरी दीड-दोन तासांनीं असें थांबावेंच. इतकें लहान मूल फार वेळ बसतें ठेवलें तर मान छातीवर पडून त्याचा श्वास कोंडण्याचा संभव असतो. इगतपुरी व शहापूर हे दोन थांबे पुरेसे आहेत.

विमानांत दोन वर्षांखालील मुलास वेगळें आसन न घेतां मांडीवर नेण्याची मुभा आहे. हवाई सुंदरी आईच्या पट्ट्यास जोडावयाचा लहान पट्टा देते, तो मागून घ्यावा. पण मांडीविषयीं जें वर लिहिलें तें विमानासही लागू आहेच. १९ जुलै १९८९ रोजीं अमेरिकेंत सू सिटी येथें युनायटेड कंपनीचें विमान उतरतांना मोडून पडलें. २९६ पैकीं १८४ माणसें वांचलीं. मांडीवरचीं मुलें चार होतीं. तेव्हांच्या नियमाप्रमाणें विमानांतील मुख्य परिचारिका जॅन ब्राउन यांनीं त्यांना जमिनीवर, आईबापांच्या पायांशीं ठेवावयास सांगितलें. त्यांतील एक मूल गेलें. ब्राउन बाई स्वतः वांचल्या, आणि प्रत्येक तान्ह्यास विमानांत स्वतःचें आसन असावें म्हणून पुढें कित्येक वर्षें सरकारदरबारीं झगडल्या. अमेरिकन सरकारनें २००५ सालीं सक्ति करण्याचें नाकारलें. त्याचें कारण विचार करण्याजोगें आहे: जास्तीच्या तिकिटाचा खर्च टाळण्याकरितां कुटुंबें विमान सोडून मोटारीनें जाऊं लागतील आणि रस्त्यावर अधिक मुलें मरतील! आमच्या मतें ज्यांना परवडेल त्यांनीं मुलास स्वतंत्र जागा घ्यावी व विमानास मान्य असल्याची चिठी असलेलें आसन तेथें लावावें; कंपनीस मात्र आगाऊ विचारून ठेवावें. ज्यांना परवडत नाहीं त्यांनीं दुःख करूं नये. विमान सुरक्षितच आहे. हवेंतील अकस्मात् धक्क्यांकरितां मुलाचा लहान पट्टा सर्व वेळ लावलेला असूं द्यावा, आणि भिंतीवरील पाळण्यांत मूल असेल तर पट्ट्याचा दिवा लागतांच त्याला उचलून घ्यावें.

कानांची गोष्ट थोडक्यांत. विमानांतील हवा अधिकांत अधिक ८,००० फूट उंचीवर असते तितकी विरळ केलेली असते. आपलें कळसूबाईचें शिखर ५,४०० फूट आहे, त्यावरून अंदाज करावा. उतरतांना हवेचा दाब वाढूं लागतो व कानांत दडे बसतात. गिळण्याच्या क्रियेनें ते सुटतात, म्हणून उतरण्याच्या अर्धा तास आधींपासून मुलास झोंपूं न देतां पाजावें. सर्दी झाली असल्यास निघण्यापूर्वीं डॉक्टरांस दाखवावें. प्रवासांत मूल गप्प राहावें म्हणून गुंगीचें औषध देण्याचा सल्ला देणारीं शहाणीं माणसें हल्लींही भेटतात. एके काळीं मुंबईच्या गिरण्यांतील कामकरी बायका तान्ह्यांस अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. त्यांना दुसरा उपाय नव्हता. आपल्याला तसली अडचण नाहीं.

पोहोंचल्यावर पुन्हां टॅक्सी घ्यावयाची असते, हें निघतांना कोणाच्या ध्यानींच येत नाहीं. बंगळूरच्या टॅक्सींत बाळाचें आसन क्वचितच मिळतें. इंग्लंडांतही टॅक्सीवाल्यानें तें बाळगलेंच पाहिजे असा नियम नाहीं. म्हणून आपलें आसन मुंबईहून परत नाशकास पाठवूं नये, तें मुलाबरोबरच जावें. सामान कमी करावयाचें झाल्यास लाडवांचा एक डबा मागें ठेवावा.

आगगाडींतील तान्ह्यांच्या निजण्याच्या सोयीविषयीं दोघी भगिनींनीं विचारणा केली आहे. त्यासंबंधीं पुढील अंकीं.