तारेला हात लावू द्या

मॅसॅच्युसेट्समधले श्रूजबरी हे क्विन्सिगॅमंड तळ्याकाठचे गाव मुलांच्या शाळेकडे पाहून घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना चांगलेच ठाऊक आहे. या गावाची एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. इथले विजेचे खाते १९०८ पासून गावाच्याच मालकीचे आहे आणि त्याच खात्याने पुढे केबल टेलिव्हिजन व इंटरनेटही घरोघर नेले. म्हणजे रस्त्यावरच्या खांबावरून घरात येणारी ही तार गावकऱ्यांची स्वतःची आहे. अशा गावातल्या मुलांना ती तार काम कशी करते हे शाळेत, स्वतःच्या हाताने जोडून शिकायला मिळावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

आज स्थिती काय आहे? मूल दिवसभर नेटवर्कवर असते. गृहपाठ त्यावर, गप्पा त्यावर, पुण्याच्या आजीशी बोलणे त्यावर. पण ते बंद पडले की घरातले सगळेच एका सुरात म्हणतात, "नेट गेलं." कुठे गेले? संगणकात बिघाड आहे, की घरातल्या डब्यात, की खांबावरच्या तारेत, की पलीकडच्या संस्थेत? हे एकेक तपासून पाहण्याची सवय फार थोड्यांना असते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कित्येक महिने ही जोडणी म्हणजेच शाळा होती. ज्यावर शिक्षण एवढे अवलंबून आहे, त्याच वस्तूबद्दल शिक्षणाने गप्प बसावे हे आम्हाला चमत्कारिक वाटते.

वर्गात करायचे ते फार अवघड नाही. नेटवर्कच्या साध्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घालून ठेवलेली. पीळ का? बाहेरचा विद्युत-गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जावा म्हणून. मुलाने साल सोलावे, रंगांच्या क्रमाने तारा लावाव्यात, पक्कडीने टोक दाबावे आणि तपासणीच्या डबीवर आठही दिवे क्रमाने लागतात का ते पाहावे. सातवा दिवा लागला नाही तर टोक कापून पुन्हा बसवावे. मग दोन संगणक जोडावेत, त्यांना पत्ते द्यावेत, एकाने हाक मारावी आणि दुसऱ्याने ओ द्यावी. ती ओ आली की मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते कुठल्याही गुणपत्रिकेत उमटत नाही.

त्यापुढचे गणितही याच तासाचे. पुणे इथून सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तेव्हा हाक जाऊन ओ परत यायला सेकंदाचा आठवा हिस्सा तरी लागणारच. प्रत्यक्षात तो जास्त का लागतो, केबल समुद्रातून कशी वळसे घेत मुंबईच्या किनाऱ्याला लागते, हे भूगोल मग वेगळा घोकावा लागत नाही.

काही आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. "आता सारे बिनतारी आहे, तार कशाला?" असे म्हणणाऱ्याने वर्गाच्या छतावरच्या पेटीमागे पाहावे, तिथे तारच आहे. शाळेच्या सुरक्षिततेची काळजी रास्त आहे, पण धड्याचे नेटवर्क शाळेच्या नेटवर्कला जोडायचेच नाही. चार जुने संगणक आणि एक स्विच एवढ्यावर काम भागते. वेळेचे म्हणाल तर २०१६ साली राज्याने स्वीकारलेल्या संगणक-शिक्षणाच्या आराखड्यात नेटवर्कला जागा दिलेलीच आहे.

खरा अडसर वेगळा आहे आणि तो आपल्या घरात आहे. मॅसॅच्युसेट्सच्या व्यावसायिक शाळांत एक आठवडा कार्यशाळा आणि एक आठवडा पुस्तके अशी पद्धत रूढ आहे, आणि राज्यमान्य विषयांत नेटवर्किंगही आहे. पण आपला पालक त्या शाळेचे नाव काढताच नाक मुरडतो. मुलाने प्रोग्रॅम लिहावेत हे भूषण, आणि केबल जोडावी हे "वायरमनचे काम"! डोक्याचे काम वरचे आणि हाताचे खालचे ही आपली जुनी उतरंड आपण सामानाबरोबर समुद्रापार आणली आहे.

ही उतरंड मोडण्याचे प्रयत्नही आपल्याच मातीत झाले. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रम काढला आणि खेड्यातल्या मुलांना हाताने करून विज्ञान शिकवले. पुढे २००२ च्या सुमारास एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या पुढाकाराने अमेरिकेबाहेर ज्या फॅब लॅब सुरू झाल्या, त्यांतल्या अगदी पहिल्यांपैकी एक पाबळची. एमआयटी श्रूजबरीहून पस्तीस-चाळीस मैलांवर आहे. तिला पाबळचे महत्त्व कळले. आपल्याला ते इथे राहून कळू नये?

याच केंब्रिजमध्ये १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी नेटवर्कवरून पहिली ई-मेल पाठवली. दोन्ही संगणक शेजारी-शेजारी उभे होते, निरोप मात्र आर्पानेटवरून गेला. ती यंत्रे जवळच्याच मेनर्डच्या डिजिटल कंपनीची, जिचा एक कारखाना पुढे श्रूजबरीतही होता. वर्गात दोन मेजांवर मुले करतील तो प्रयोग याहून फारसा निराळा नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शाळा समितीच्या सभा खुल्या असतात. तिथे जाऊन हा तास मागावा. आपल्यांतले जे याच व्यवसायात आहेत त्यांनी एक दुपार शिक्षकाच्या मदतीला द्यावी. १९९६ साली कॅलिफोर्नियात हजारो स्वयंसेवकांनी नेट डेच्या दिवशी शाळांमधून तारा ओढल्या आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटनही त्यात हात लावायला आले होते. तेव्हा हे काम हलके आहे असे कुणी म्हणू नये. आणि शाळा तयार होईपर्यंत आपली रविवारची मराठी शाळा आहेच. एक पक्कड, थोडी केबल आणि दोन जुने संगणक एवढे कुणाच्याही तळघरात सापडेल. पहिली हाक मराठीतूनच जाऊ द्या.