शब्दांच्या गांवीं : ‘लागणें’

गेल्या आठवड्यांत आमचा पुतण्या इंग्रजीचें पुस्तक घेऊन चौलच्या घरीं ओटीवर आला, तो रागावूनच. ‘मेक अप’ ह्या दोन शब्दांनीं त्यास जेरीस आणिलें होतें. रंगभूषा करणें, थाप रचणें, भांडणानंतर गोडी करणें, बुडालेला अभ्यास भरून काढणें, इतके अर्थ एका क्रियापदाचे! “काका, ही भाषा कीं थट्टा?” असें त्यानें विचारिलें.

आम्ही म्हटलें, “भूक लागली कीं आईस हांक मारतोस ना? मग ‘लागणें’ म्हणजे काय, तें सांग पाहूं.”

स्वारी गडबडली. वाचकहो, आपणही विचार करून पाहावा. मांडव्याच्या धक्क्यास बोट लागते, आणि त्याच बोटींतील उतारूसही बोट लागते. पहिल्या लागण्यानें प्रवास संपतो, दुसऱ्यानें तो संपतां संपत नाहीं. श्रीवर्धनच्या वाडींत पोफळीस सुपारी लागते, आणि ती खाऊन घेरी आली म्हणजे खाणारासही सुपारी लागते. गळास मासा लागतो, पायास ठेंच लागते, लग्न लागतें, आणि तें लागलें म्हणजे परक्या घरचा मनुष्य आपला मेहुणा लागतो. ‘जाऊं लागला’ ह्यांत आरंभ आहे, तर ‘जावें लागलें’ ह्यांत सक्ती.

मूळ संस्कृत धातु ‘लग्’, म्हणजे चिकटणें. इंग्रजी भाषा क्रियापदास अव्यय जोडून अर्थ फिरविते. मराठी शेजारचें नाम किंवा क्रियेचें रूप पालटून तेंच साधते. दोहोंकडे युक्ति एकच : शब्द एकटा पाठ करूं नये, त्याचे शेजारी पाहावेत.

पुतण्या हसूं लागला. झोपाळ्यावरच्या आत्याबाई मात्र हसल्या नाहींत. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्याहून निघालेली ‘रामदास’ बोट रेवसला लागलीच नाहीं. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. आत्याबाई तेव्हां सात वर्षांच्या होत्या. त्या म्हणाल्या, “माझा मामा त्या बोटीनें यावयाचा होता. त्याचा पत्ता लागला नाहीं. पुढें कित्येक वर्षें सांजेचा दिवा लागला कीं आई दाराकडे पाही.”

पुतण्यानें वहींत ‘लागणें’चे एकवीस अर्थ लिहिले होते. बाविसावा त्यानें न विचारतां लिहिला : मनास लागणें.

वाचकांनीं आपल्या मुलांकडून अशी यादी अवश्य करवून घ्यावी; मात्र घरांतलीं वडील माणसें जवळ बसलीं असतांना.