पत ठरविण्याचा काटा

‘पत’ या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक बाजारातील विश्वास, दुसरा माणसाचा मान. नुकत्याच नोकरीस लागलेल्या तरुणाच्या हाती क्रेडिट कार्ड येते, त्यावरील मर्यादा सहकाऱ्याच्या मर्यादेच्या निम्मी निघते, आणि हे दोन्ही अर्थ त्याच्या मनात एक होतात. आपला मानच कमी लेखला गेला, असे त्यास वाटते. हा समज दूर झाला पाहिजे.

बँक प्रारंभीची मर्यादा कशावरून ठरविते? मुख्यतः अर्जदाराचे उत्पन्न, नोकरीचे स्थैर्य, चालू कर्जांचे हप्ते आणि पूर्वीच्या परतफेडीची नोंद यांवरून. ही नोंद सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्या ठेवतात व तिच्या आधारे ३०० ते ९०० या दरम्यान गुणांक देतात. ज्याने बँकेचे कर्ज कधी घेतलेच नाही, त्याची पाटी कोरी असते. आणि कोरी पाटी पाहून बँक हात आखडता घेते.

ज्या घरांना पिढ्यानपिढ्या केवळ सावकाराचेच दार ठाऊक होते, त्यांनी कर्जे फेडली नाहीत काय? पै न् पै फेडली. परंतु सावकाराची वही बँकेच्या दप्तरात येत नाही.

कार्ड नाकारल्यास कारण लेखी कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पूर्वीची नोंद नाही एवढ्यावरूनच प्रथम कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असेही तिने २०२५ सालच्या निर्देशांत सुचविले. आमचे म्हणणे असे की, मर्यादा कमी दिल्यासही बँकेने कारण लेखी द्यावे. कारण कळले, तर माणूस उणीव भरून काढील. न कळले, तर नशिबाला बोल लावीत बसेल.

आपणही जागरूक राहावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवावा व त्यातील चूक दुरुस्त करून घ्यावी. मुदत ठेवीच्या आधारावरही कार्ड मिळू शकते. बिल मात्र मुदतीत पूर्ण भरावे. केवळ ‘किमान रक्कम’ भरून भागत नाही. उरलेल्या रकमेवर अनेक कार्डांचे व्याज महिन्याला ३ टक्क्यांहून अधिक असते. सावकाराच्या दारातून सुटलेल्यांनी पुन्हा त्याच फेऱ्यात का पडावे?

मर्यादेचा आकडा हे बँकेच्या जोखमीचे माप आहे, आपल्या योग्यतेचे नव्हे. तथापि ते माप कोणत्या काट्यावर घेतले, हे विचारण्याचा हक्क आपला आहे. तो आपण बजावलाच पाहिजे.